आधी तो काय करायचा?

९ मे २०२५. आठवतोय ना तो आठवडा? आयपीएल थांबवली होती, कुणाच्या परीक्षा संपल्या होत्या, कुणाच्या संपत आल्या होत्या आणि आपल्या सगळ्यांचे फोन नकाशांनी, सायरनच्या आवाजांनी आणि खऱ्या-खोट्या व्हिडिओंनी तापले होते. मीही तेव्हा स्टोरी टाकली. तिरंगा, मागे गाणं, खाली नाव : मुरली नाईक. जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या माऱ्यात गेलेला अग्निवीर. दोनशेच्या आसपास व्ह्यूज आले. मी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी कळलं, तो घाटकोपरचा. कामराज नगरचा.

मी मुलुंडची. मुलुंड आणि घाटकोपरच्या मध्ये मोजून चार स्टेशनं. ज्याच्या नावाची मी स्टोरी टाकली, तो आणि मी कधीतरी एकाच स्लो लोकलला लटकलो असू, हे मला स्टोरी टाकताना माहीतच नव्हतं. मला काय माहीत होतं? नाव, फोटो आणि 'अमर रहे'. बस्स.

मग बातम्या वाचल्या. कुटुंब मूळचं आंध्र प्रदेशातल्या श्री सत्यसाई जिल्ह्यातल्या कल्ली तांडा गावचं. आईवडील कामासाठी मुंबईत आलेले. वडील मजुरी करायचे, आई घरकाम. मुरली घाटकोपरच्या वस्तीत वाढला, २०२२मध्ये सैन्यात गेला. गावी अंत्यसंस्कार झाले तेव्हा आंध्रचे उपमुख्यमंत्री आले, ५० लाख रुपये, पाच एकर जमीन, घरासाठी जागा, नोकरी जाहीर झाली. इकडे ठिकठिकाणी फलक लागले. फलकांवर 'भारतमातेचा वीर सुपुत्र' होतं, खाली नेत्यांचे फोटो होते. नेत्यांचे फोटो कधी चुकत नाहीत, हे एक बरंय. पण मजुराचा मुलगा, मोलकरणीचा मुलगा, कामराज नगरच्या खोलीत अभ्यास केलेला मुलगा, ही ओळ मला एकाही फलकावर दिसली नाही.

तुम्ही म्हणाल, फलकावर एवढं कोण लिहितं? बरोबर आहे. पण फलक सोडा, आपण तरी विचारतो का? सैनिक गेला की त्याचं आयुष्य आपण शेवटापासून वाचायला लागतो आणि शेवटाशीच थांबतो. वर्दीच्या आधी तो काय करायचा, त्याच्या हाताला कसले घट्टे होते, घरी महिन्याला किती जायचे, हे सगळं आपल्याला जरा कमी दर्जाचं वाटतं. जणू शौर्याच्या गोष्टीत पगार आला की गोष्ट बाटते.

माझं म्हणणं उलटं आहे. तो आधी काय करायचा हे कळल्याशिवाय तो का गेला हे कळत नाही. आणि तो का गेला हेच कळलं नसेल, तर आपण नक्की कशाला सलाम ठोकतोय?

एक जुनं उदाहरण घेते. माणगाव तालुक्यात पळसगाव म्हणून गाव आहे, रायगड जिल्ह्यात. मुंबई-गोवा हायवेने गणपतीला गावी जाणाऱ्यांनी माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासन् तास काढलेले असतील. त्याच माणगावात एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, मृत्यू १० जुलै १९४४, इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात.

वजाबाकी करून बघा. बावीस वर्षं. मी बावीस वर्षांची आहे. खरं तर 'ते' म्हणायला हवं, पण माझ्याएवढ्या मुलाला 'ते' म्हणताना माझी जीभ अडखळते, म्हणून 'तो' म्हणते. राग मानू नका.

त्या दिवशी काय झालं ते सन्मानपत्रात नोंदवलेलं आहे. त्याच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तो सोडून सगळे ठार किंवा जखमी. तो एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकून ती गन आणि चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी, त्याने एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात तो पडला. त्याची कबर नाही. इटलीत कॅसिनोला एक स्मारक आहे, तिथे कबर नसलेल्या चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरलीत, त्यात त्याचं नाव आहे. २०२३च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्याचं ब्रीद आहे. छान आहे ते, खरंच. एका इटालियन गावाला कोकणातला मुलगा ऐंशी वर्षांनी आठवतो, आपल्याला हायवेवरून जाताना त्याच्या पुतळ्याकडे मान वळवायलाही सुचत नाही.

पण माझी गाडी अडते ती दुसरीकडे. सन्मानपत्रात आहेत ती काही मिनिटं. बावीस वर्षांपैकी काही मिनिटं! त्या मिनिटांचा एकेक क्षण आपल्याला ठाऊक आहे. उरलेली बावीस वर्षं? भात लावणी, गवत कापणी, घरचं कर्ज, भरतीच्या दिवशी कोण सोबत होतं, पहिली मनीऑर्डर कितीची, ती कुणाच्या हातात पडली? मागे त्याची पत्नी लक्ष्मीबाई राहिली. तिने त्यानंतर कशी वर्षं काढली, हे कुठल्या सन्मानपत्रात बसतं?

त्या काळच्या कोकणातल्या तरुण मुलासमोर वाटा मोजक्याच होत्या. पिकतं ते चार महिने पुरायचं, मग मुंबई. मुंबईत गिरणी किंवा गोदी. नाहीतर पलटण. नाहीतर बोट. आमच्या आजीच्या बोलण्यात हे अजून तसंच येतं. अमका 'गिरणीत होता', तमका 'पलटणीत होता', आणि तिचा स्वतःचा बाप 'बोटीवर होता'.

आता आजीकडे वळते, कारण हा लेख खरं तर तिच्यामुळे सुरू झाला.

मुरलीची बातमी टीव्हीवर चालू होती. आजी भाजी निवडत होती. बातमीत नुकसानभरपाईचे आकडे आले आणि ती एकदम म्हणाली, "माझ्या बापसाचं काय आलं होतं कुणास ठाऊक. आईने कधी सांगितलं नाही."

मी विचारलं, "तुझे बाबा लढाईत गेले?"

"लढाईत कसले. बोटीवर कोळसा ओढायला होता. बोट बुडवली जर्मनाने का जपानने. मी दोन वर्षांची."

मी बावीस वर्षं या बाईच्या हातचं जेवतेय. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली, मुलाखत कशी घ्यावी यावर असाइनमेंट लिहिली, मार्कही चांगले पडले. आणि माझा पणजोबा युद्धात बुडाला, हे मला भाजी निवडताना कळतंय.

'बोटीवर कोळसा ओढायला' म्हणजे काय, ते मग शोधत बसले. तेव्हाच्या आगबोटी कोळशावर चालायच्या. बॉयलरखोलीत दोन तऱ्हेची माणसं. एक आगवाला, भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा. आणि दुसरा कोळसेवाला, जो बोटीच्या पोटातल्या कोठारातून तो कोळसा ढकलगाडीने भट्टीपर्यंत आणायचा. समुद्र खवळला की ती भरलेली गाडी अंगावर यायची. कोठार अर्धं रिकामं झालं की गाडी ढकलायचं अंतर वाढायचं, म्हणजे प्रवास जितका पुढे जाईल तितकं काम वाढत जाणार. भट्टीची धग, कोळशाची धूळ, वर आकाश नाही. खाणकामगार जमिनीखाली करतो तेच काम, फक्त पाण्याखाली. आणि पाण्याखाली हे अक्षरशः, कारण बॉयलरखोली पाण्याच्या रेषेच्या खाली असायची. टॉर्पेडो लागला की तिथल्या माणसांना वर यायला सगळ्यात कमी वेळ.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे हजारो हिंदी खलाशी होते. मुंबई, कोकण, गोवा, बंगाल, पंजाब, कुठकुठले. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एका छोट्या हिश्श्यात काम करायचे. १९३९मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा या लोकांनी परदेशातल्या बंदरांत संप केले, की युद्धाच्या समुद्रात जायचं तर पगार वाढवा. अनेकांना तुरुंगात टाकलं. म्हणजे ज्यांना आपण आज 'बलिदान' म्हणून हार घालू, त्यांनी तेव्हा आधी पगार मागितला होता. मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. उलट पहिल्यांदा ती माणसं मला माणसं वाटली. जिवाची किंमत मागणारी.

त्या बोटीतला कोळसा तरी कुठून यायचा? कुठल्या तरी देशातल्या खाणीतून. आपल्या देशातल्या खाणींचं युद्धात काय झालं, हेही ऐका. झरिया, राणीगंजच्या खाणींतले कामगार जास्त मजुरी देणाऱ्या लष्करी बांधकामांकडे जायला लागले. कोळसा कमी पडायला लागला. तर सरकारने १९४३मध्ये बायकांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली. ती पुन्हा लागू झाली थेट १९४६मध्ये. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. डिसेंबर १९४३मध्ये ते धनबादच्या बाजूच्या कोळसा खाणी बघायला स्वतः गेले होते, आणि पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. आपण युद्ध म्हणजे रणगाडे आणि विमानं समजतो. त्या विमानांच्या आधी कुणीतरी फावडं मारत असतं.

आता पणजोबा. मुंबईत मस्जिद बंदरला, गोदीजवळ, इंडियन सेलर्स होम आहे. मुलुंड, घाटकोपरहून सीएसएमटीला जाताना शेवटून दुसरं स्टेशन. रोज लाखो लोक तिथून जातात, ड्रायफ्रूट आणि प्लास्टिकच्या होलसेल खरेदीला उतरतात. तिथे पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं एका पुस्तकात आहेत, सहा हजारांहून जास्त. त्याच पुस्तकाची जोडप्रत बांगलादेशात चितगावला. ज्यांना समुद्र हीच कबर, अशांची ही यादी. ती नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवरही शोधता येतात.

मी शोधली. आजीला बापाचं नाव माहीत आहे, गाव माहीत आहे, बोटीचं नाव नाही. तिकडे नोंदी इंग्रज कारकुनांनी ऐकू येईल तशा केलेल्या. एकाच नावाची पाच स्पेलिंगं. कितीतरी जणांना नुसतं एकच नाव, आडनाव नाही. पणजोबांच्या नावाशी जुळणारे मला अकरा जण सापडले. अकरा! यातला आजीचा बाप कोणता, की कुठलाच नाही, मला सांगता येत नाही. आजीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "अकराही कुणाचे तरी असतील की."

त्यांना निदान नावं तरी आहेत. इराकमध्ये बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. कूतच्या वेढ्यात पूना डिव्हिजन अडकली होती, त्यात मराठा पलटणी होत्या, तेही यात आले. त्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा. इतके-इतके आणखी शिपाई, एवढंच. २०२१मध्ये कमिशनने अहवाल काढून या सगळ्या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आमच्या डेस्कवरच्या एका सिनिअर सरांना मी हा विषय सांगितला तर ते म्हणाले, "तू म्हणतेस, लोक पगारासाठी सैन्यात जातात. याने सैनिकांचा अपमान होतो. वाचक तुला फाडून खातील."

सर, नाही. (तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहितीये.) डॉक्टर पगार घेतो म्हणून त्याने वाचवलेला पेशंट खोटा होत नाही. पोटासाठी गेलेला माणूस गोळ्यांसमोर उभा राहतो तेव्हा त्याचं धाडस अर्ध्या किमतीचं होत नाही. माझ्या मते तर जास्तच होतं, कारण तो स्वतःबरोबर सगळं घर घेऊन तिथे उभा असतो. अपमान होतो तो पगाराबद्दल बोलायचं टाळल्याने. कारण 'वीर' म्हटलं की हिशेब विचारायची सोय राहत नाही.

आणि हिशेब विचारायला हवा, अगदी आजचाही. अग्निवीर योजना आली जून २०२२मध्ये. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करणार. कर्तव्यावर असताना मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी. रक्कम लहान नाही, ते मान्य. पण नियमित सैनिकाच्या घरच्यांना मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन अग्निवीराच्या घरच्यांना नाही. एकाच चौकीवर, एकाच तोफगोळ्याने दोघे गेले, तर एकाच्या आईला दरमहा पेन्शन आणि दुसरीला एकदाच पैसे. घोषणा देताना आपण दोघांत फरक करत नाही. मग नियमात का?

मला वाटतं, हा फरक टिकून राहतो याचं एक कारण आपणच आहोत. 'तो आधी काय करायचा' हे आपण विचारलं असतं, तर 'आता त्याच्या घरी काय येतं' हेही आपसूक विचारलं असतं. एकरकमी पैसे मजुराच्या घरात आल्यावर किती दिवस टिकतात, हे ज्यांनी मजुराचं घर पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. आंध्र सरकारने जाहीर केलं ते चांगलंच, पण कोणत्या राज्याचा मुख्यमंत्री किती देईल, कुणाच्या अंत्ययात्रेला किती कॅमेरे असतील, यावर एखाद्या आईचं म्हातारपण का अवलंबून असावं?

तुमच्या घरी विचारा. खरंच विचारा, आजच. बहुतेक घरांत कुणीतरी असेल, पलटणीत, बोटीवर, गिरणीत, ऑर्डनन्स फॅक्टरीत. घोड्यावरचे पूर्वज सगळ्यांना सापडतात, फावडं घेतलेले कुणी सांगत नाही. नाव, गाव, काम, पगार, एवढं लिहून ठेवा. फोटो नसला तरी चालेल, आमच्याकडेही नाही.

हा लेख लिहायच्या आधी एका पहाटे मी आमच्याकडच्या मैदानावर गेले. साडेपाचला तिथे भरतीची तयारी करणारी मुलं पळत असतात. १६०० मीटर, पोलीस भरतीलाही तेवढंच आणि अग्निवीरलाही. एकाला थांबवलं. धापा टाकत म्हणाला, "पहिलं पोलीस, ताई. नाही झालं तर अग्निवीर. पण वय संपतंय, सात महिने राहिलेत."

"आणि आत्ता काय करतोस?"

"भिवंडीला गोडाऊन. नाइट. पार्सल उतरवतो. आत्ता तिकडूनच आलो." मग माझ्या हातातली वही बघून विचारलं, "पेपरात येणार का हे?"

"हो."

"भरतीचं लिहा ना. गोडाऊनचं नको."

मी म्हटलं, मला गोडाऊनचंच लिहायचंय. तो हसला, बुटाची नाडी बांधली, म्हणाला, मग नाव नको टाकू हां ताई, आणि पुढच्या राउंडला निघून गेला.

म्हणून त्याचं नाव इथे नाही.